साडेचार सेंटिमीटर आणि चोवीस तास

कर्करोगाच्या उपचारात इलेक्ट्रॉनला जे स्थान मिळाले आहे ते मुख्यतः त्याच्या एका गुणामुळे: तो थांबतो. क्ष-किरण शरीरात शिरले की वाटेत क्षीण होत जातात, पण त्यांचा काही अंश पलीकडच्या बाजूने बाहेर पडतोच. छातीचा एक्स-रे काढता येतो तो त्यामुळेच. इलेक्ट्रॉनवर विद्युतभार असल्याने पाण्यातून किंवा मांसातून जाताना तो दर सेंटिमीटरला सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा गमावतो, आणि म्हणून ९० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे रेडिएशन विभागातल्या बोलीत ‘नाइन एमईव्ही’चा, झोत साधारण साडेचार सेंटिमीटरवर संपतो. उपचाराला पुरेशी मात्रा त्याच्याही अलीकडे, तीन सेंटिमीटरच्या आत पडते. त्यापलीकडे पोहोचतो तो इलेक्ट्रॉन अडताना निर्माण झालेल्या क्ष-किरणांचा अगदी थोडा अंश.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या डाव्या स्तनातील गाठ काढल्यानंतर त्यांना आधी संपूर्ण स्तनाला क्ष-किरण आणि मग, गाठ जिथे होती तेवढ्याच जागेला, इलेक्ट्रॉनचा ‘बूस्ट’ देण्यात आला, तेव्हा हे साडेचार सेंटिमीटर आमच्या घरात फार महत्त्वाचे झाले. त्या जागेच्या मागे बरगड्या, बरगड्यांच्या मागे फुप्फुस आणि डावी बाजू असल्यामुळे हृदय. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले असल्याने ‘हे नक्की काय करतात ते तू सांग’ ही जबाबदारी वहिनींनी माझ्यावर टाकली. डॉक्टर सांगत होतेच, पण डॉक्टरांना दुसरा प्रश्न विचारायचा संकोच वाटतो, आणि वहिनींचा खरा प्रश्न नेहमी दुसराच असे.

मशीनच्या तोंडाशी एक चौकोनी नळकांडे बसवतात. त्याला सगळे ‘कोन’ म्हणतात. कोनाच्या टोकाशी रुग्णाच्या मापाचा, त्या जागेच्या आकाराचे भोक असलेला एक धातूचा ठोकळा बसतो. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा हा मिश्रधातू साधारण ७० अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे रुग्णालयातल्याच खोलीत तो हव्या त्या आकारात ओतता येतो. आत, मशीनच्या डोक्यात, पेन्सिलीएवढा बारीक झोत धातूच्या पातळ पत्र्यावर आदळून पसरवला जातो, जेणेकरून सगळ्या क्षेत्रावर तो सारखा पडावा. हे पसरवणे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच्याकडे पुढे परत यावे लागणार आहे.

एवढे सगळे मोजमाप कशासाठी, तर इलेक्ट्रॉनला स्वतःला काहीही कळत नाही म्हणून. औषधाचा रेणू निदान एखाद्या ठरावीक प्रथिनाला चिकटतो. इलेक्ट्रॉनला कर्करोगाची पेशी आणि तिच्या शेजारची निरोगी पेशी यांतला फरक ओळखण्याचे कोणतेही साधन नाही. दोन्हींमधून तो सारख्याच बेफिकिरीने जातो. या उपचारात जी काही निवड आहे ती त्याच्या बाहेरून, माणसांनी, फक्त दोन गोष्टींच्या आधारे केलेली आहे. एक म्हणजे खोली आणि दुसरी म्हणजे वेळ. खोलीचे सांगून झाले. वेळेचे सांगायला मात्र पेशीच्या आत शिरावे लागते.

पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, “अगं, भाजलं नाही, टोचलं नाही, नुसती घरघर ऐकू आली. मग झालं काय?” प्रतीक्षागृहातल्या बायका याला ‘लाइट घेणे’ किंवा ‘शेक घेणे’ म्हणतात आणि आत काहीतरी जळत असणार असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. हिशेब मात्र वेगळाच निघतो. एका बैठकीची नेहमीची मात्रा २ ग्रे, म्हणजे एका किलोग्रॅम ऊतकात २ ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाने वाढते. पूर्ण उपचाराचे ५० ग्रे एकाच वेळी दिले, तरी वाढ एका अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास राहील; तापाच्या थर्मामीटरवर ती दिसणारसुद्धा नाही. एवढ्याशा ऊर्जेने पेशी मरावी याचे कारण ऊर्जेच्या बेरजेत सापडत नाही. ती ऊर्जा कुठे आणि किती दाटीने पडते, यात ते आहे.

मी कागदावर आणखी एक आकडेमोड केली. २ ग्रे द्यायचे तर त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे सहा अब्ज इलेक्ट्रॉन जावे लागतात. १० मायक्रोमीटर रुंदीची एखादी पेशी धरली, तर तिच्या वाट्याला अंदाजे पाच हजार येतात. प्रत्येकाचा साडेचार सेंटिमीटरचा सगळा प्रवास एका नॅनोसेकंदाच्या पाचव्या भागातच उरकतो. आणि इतक्या वेगाने जाणारा इलेक्ट्रॉन खुणा सोडतो त्या फार विरळ: एखाद्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवला की पुढची तशीच घटना साधारण काही शे नॅनोमीटर अंतरावर. डीएनएची जोडसाखळी जेमतेम २ नॅनोमीटर रुंद आहे. म्हणजे केंद्रकातून जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनांची डीएनएशी गाठही पडत नाही.

खरे नुकसान करतात ते या वेगवान इलेक्ट्रॉनांनी वाटेत उडवलेले, मंद गतीचे दुय्यम इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन जितका मंद, तितका तो आजूबाजूच्या रेणूंवर जास्त वेळ परिणाम करतो आणि तितक्या दाटीने ऊर्जा टाकतो. काही शे इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असा एखादा दुय्यम इलेक्ट्रॉन आपली सारी ऊर्जा अवघ्या काही नॅनोमीटरच्या परिसरात रिकामी करतो. तो परिसर नेमका डीएनएवर पडला, तर एकाच वळणाच्या आत दोन-चार ठिकाणी तडे जातात. मशीनमधून निघालेला इलेक्ट्रॉन लाखो व्होल्टचा असला, तरी घाव घालतो तो त्याच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतला, जवळजवळ थकलेला वंशज, ही गोष्ट मला आजही चकित करते.

डीएनएवर थेट ऊर्जा पडणे हा झाला एक मार्ग. पण पेशी बहुतांशी पाण्याची बनलेली असते, त्यामुळे जास्त ऊर्जा पाण्यातच पडते. पाण्याचा रेणू फुटतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा मूलक तयार होतो, ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला असतो आणि जो समोर येईल त्याच्याकडून तो भरून घेतो. पेशीच्या आत इतकी दाटी आहे की हा मूलक काही नॅनोसेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही आणि काही नॅनोमीटरपेक्षा लांब जात नाही. तेवढ्यात त्याला डीएनए भेटला, तर तो शर्करेतला हायड्रोजन ओढून काढतो आणि साखळी तुटते. क्ष-किरण असोत की इलेक्ट्रॉन, डीएनएचे सुमारे दोन-तृतीयांश नुकसान या पाण्याच्या वाटेने होते.

इथे ऑक्सिजनचा संबंध येतो. डीएनएवर मूलकाने केलेली जखम पहिल्या क्षणी परत फिरवता येण्यासारखी असते. पेशीतील ग्लुटाथायोनसारखे रेणू स्वतःचा हायड्रोजन देऊन ती भरून काढू शकतात. पण त्याआधी तिथे ऑक्सिजन पोहोचला, तर तो त्या जागी चिकटतो आणि जखम कायम होते. म्हणून ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला जवळजवळ तिप्पट मात्रा लागते. लुई हॅरॉल्ड ग्रे, ज्यांच्या नावाने मात्रेचे एकक ओळखले जाते, यांनी टॉमलिन्सन यांच्याबरोबर १९५५ मध्ये फुप्फुसाच्या गाठींचे काप तपासून दाखवले की रक्तपुरवठ्यापासून मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागापलीकडे गाठीतल्या पेशी ऑक्सिजनअभावी मरू लागतात. त्या सीमेवरच्या अर्धवट गुदमरलेल्या पेशी मात्र जिवंत असतात आणि किरणांना दाद देत नाहीत. डॉक्टर हिमोग्लोबिनचा आकडा का विचारतात, हे मला या वाचनानंतर अधिक नीट समजले.

आता मोजदाद. १ ग्रे मात्रेने एका पेशीत साधारण हजार ठिकाणी डीएनएची एक साखळी तुटते आणि जवळपास ४० ठिकाणी दोन्ही. हजार हा आकडा भयंकर वाटतो, पण आपल्या स्वतःच्या चयापचयामुळे कोणतेही किरण न घेता प्रत्येक पेशीच्या डीएनएला रोज हजारो लहानमोठ्या इजा होत असतात आणि त्या रोजच्या रोज दुरुस्त होतात. एकाच साखळीचे तुटणे पेशीला फारसे जड जात नाही. दुहेरी शिवण घातलेल्या कापडाची एक ओळ उसवली तरी दुसरी ओळ कापड धरून ठेवते आणि उसवलेली ओळ तिच्याकडे बघून पुन्हा घालता येते. दोन्ही ओळी एकाच जागी तुटल्या, तर मात्र तुकडे सुटे होतात. रोजच्या चयापचयातल्या इजा एकेकट्या, विखुरलेल्या असतात. किरणांच्या इजा पुंजक्यांत येतात. पेशीच्या दृष्टीने फरक पडतो तो त्या चाळीसांमुळे.

दोन्ही साखळ्या तुटल्याचे पेशीला काही मिनिटांत कळते. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना, लाखो अक्षरे दूरवर, ज्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांतल्या एकावर फॉस्फेटची खूण केली जाते. १९९८ मध्ये ही खूण ओळखता येऊ लागली आणि तिला रंग देणाऱ्या प्रतिपिंडामुळे सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकातले घाव ठिपक्यांच्या रूपाने मोजता येऊ लागले. मग दुरुस्ती सुरू होते, तीही दोन रीतींनी. पहिली घाईची. कू नावाचे कड्यासारखे प्रथिन तुटलेल्या टोकांवर चढते, इतर प्रथिनांना बोलावते, टोके थोडी साफ केली जातात आणि जोडली जातात. यात एखाददुसरे अक्षर गळाले तरी चालवून घेतात, महत्त्व जोडण्याला. दुसरी रीत काटेकोर असते, पण तिला डीएनएची दुसरी प्रत हवी असते आणि ती प्रत पेशी विभाजनाच्या तयारीत असतानाच उपलब्ध असते. ज्या बीआरसीए जनुकांची तपासणी आज स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना सुचवली जाते, ती मुळात या दुसऱ्या खात्यातली. बहुतेक तुटी पहिल्या काही तासांत जोडल्या जातात. चोवीस तासांनी पुढची बैठक होते तेव्हा निरोगी पेशीचे बरेचसे काम आटोपलेले असते.

दुरुस्ती चालू असताना विभाजन थांबवून ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे, आणि ते काम ज्या प्रथिनांकडे आहे त्यांतले पी-५३ हे सर्वांत प्रसिद्ध. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत त्याचे जनुक बिघडलेले असते. कर्करोगाच्या पेशींना दुरुस्ती येतच नाही, असे सरसकट म्हणणे बरोबर होणार नाही. काहींना ती उत्तम येते. पण थांबणे त्यांना बहुधा जमत नाही. तुटके-जुळके सामान घेऊन त्या विभाजनाला सामोऱ्या जातात.

किरणांनी पेशी मरते म्हणजे काय, याचे उत्तर या थांबण्या-न-थांबण्यात आहे. १९५६ मध्ये थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी अमेरिकेत डेन्व्हर येथे हीला पेशी बशीत विरळ पसरल्या, त्यांवर क्ष-किरण सोडले आणि किती पेशींपासून नव्या वसाहती उभ्या राहतात ते मोजले. (या पेशी हेन्रिएटा लॅक्स या बाल्टिमोरमध्ये उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या गाठीतून १९५१ मध्ये तिला न विचारता घेतलेल्या होत्या, किरणोपचाराच्या विज्ञानावरचे तिचे ऋण यातही आहे.) मोजणीत असे दिसले की वसाहत न करणाऱ्या अनेक पेशी मेलेल्या नव्हत्या. त्या बशीला चिकटून होत्या, प्रथिने बनवत होत्या, काही तर फुगून राक्षसी आकाराच्या झाल्या होत्या. एवढेच की त्यांच्यापासून पुढे वंश चालत नव्हता. किरणजीवशास्त्रात ‘मेलेली पेशी’ याचा अर्थ तेव्हापासून हाच राहिला आहे.

चुकीची टोके एकमेकांना जोडली गेली की कधीकधी दोन मध्यबिंदू, म्हणजे विभाजनात गुणसूत्र जिथे धरून ओढले जाते त्या जागा, असलेले गुणसूत्र तयार होते. विभाजनाच्या वेळी त्याचा एक मध्यबिंदू एका बाजूला ओढला जातो, दुसरा दुसऱ्या बाजूला. मध्ये ताणलेला पूल राहतो आणि तो कुठेतरी तुटतो. मध्यबिंदू नसलेले तुकडे कोणाच्याच वाट्याला न जाता मागे पडतात. त्यातूनही पेशी एक-दोनदा विभागते आणि मग कोसळते. लसिकापेशींसारख्या काही पेशी किरणांनंतर काही तासांत स्वतःहून मरण पत्करतात, पण गाठींतल्या बहुतेक पेशींचा अंत हा असा, विभाजनाच्या खटपटीत होतो. म्हणजे इलेक्ट्रॉनने अब्जांश सेकंदात केलेल्या घावाची शिक्षा पेशी आपल्या विभाजनाच्या वेळापत्रकाप्रमाणे भोगते. जी विभागतच नाही, जसे मेंदूतली चेतापेशी, ती घाव अंगावर बाळगून बराच काळ काम करत राहते.

वहिनींच्या त्वचेवर हे सगळे अगदी क्रमाने दिसले. पहिले दोन आठवडे काहीच नाही. मग त्वचा काळवंडू लागली; पुस्तकांत लालसरपणाची चित्रे असतात, आपल्या रंगावर आधी काळपटपणा दिसतो. उपचार संपल्यानंतरच्या आठवड्यात काखेखालची त्वचा सोलवटली आणि वहिनी वैतागल्या: “मशीन बंद झाल्यावर वाढतंय हे कसं?” तर वरच्या थरातल्या पेशी विभागत नाहीत, त्यामुळे त्या आपली मुदत संपेपर्यंत जागच्या जागी राहतात. खालच्या थरातून नव्या पेशी यायला हव्यात; त्या विभाजनातच अडकून पडल्या, तर उणीव उघडी पडते ती जुन्या पेशी झडल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी. शिवाय उच्च ऊर्जेचे क्ष-किरण त्वचेच्या थोडे खाली गेल्यावर पूर्ण मात्रा देतात, इलेक्ट्रॉन मात्र त्वचेपासूनच मोठी मात्रा देऊ लागतो, त्यामुळे बूस्टच्या चौकोनात रंग गडद झाला. बाहेरगावी जाऊन तो चौकोन दिसू नये म्हणून त्यांनी गळाबंद ब्लाउज शिवून घेतले, आणि शिंप्याने बाही आखूड केली म्हणून इलेक्ट्रॉनपेक्षा त्याच्यावर जास्त चिडल्या.

उपचार इतके दिवस का चालतात, हेही आता सांगता येते. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी मेंढ्याच्या वृषणांवर किरणांचे प्रयोग केले. एकाच मोठ्या मात्रेने मेंढा वंध्य करायचा तर वरची कातडी गंभीरपणे जळे. तीच मात्रा काही दिवसांत विभागून दिली तर वंध्यत्व येई आणि कातडी वाचे. सतत विभागणाऱ्या शुक्रजनक पेशी म्हणजे गाठीची प्रतिकृती आणि कातडी म्हणजे वाटेत येणारे निरोगी ऊतक, असा त्यामागचा विचार होता. आजच्या प्रत्येक वेळापत्रकाच्या मुळाशी तो मेंढा आहे.

त्याचे गणित विलक्षण निष्ठुर आहे. समजा, २ ग्रेच्या एका बैठकीने गाठीतल्या निम्म्या पेशी विभाजनाला कायमच्या मुकतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांतल्या निम्म्या. एक घन सेंटिमीटर गाठीत एक अब्जापर्यंत पेशी असू शकतात आणि दोनाचा तिसावा घात जवळजवळ एक अब्ज भरतो, म्हणजे तीस बैठकींनंतर सरासरी एक पेशी उरते. सरासरी एक, याचा अर्थ काही रुग्णांत दोन किंवा तीन आणि सुमारे ३७ टक्के रुग्णांत शून्य. शस्त्रक्रियेने गाठ आधीच काढलेली असेल, तर सुरुवात अब्जापासून होत नाही, आणि म्हणून कमी मात्रा पुरते; पण शेवटच्या काही पेशींबाबतचा हा जुगार तिथेही सुटत नाही. मधले दिवस चुकले, तर उरलेल्या पेशी त्या वेळात वाढतात, विशेषतः तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात. मुंबईत टाटा रुग्णालयात उपचार घेणारी बाहेरगावची कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आठवडेच्या आठवडे राहतात. त्यांच्या त्या राहण्याला या गणिताइतकाच वैद्यकीय अर्थ आहे असे मी मानते. स्तनाच्या बाबतीत हे दिवस कमी करता येतात, असे ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवले आहे. वहिनींचा संपूर्ण स्तनाचा उपचारही ४० ग्रे १५ बैठकींत, अशा आखूड वेळापत्रकाचाच होता.

खोली आणि वेळ, ही दोन्ही बंधने एकदम सुटली तर काय होते, याची नोंद इतिहासात आहे. कॅनडात बनलेल्या थेरॅक-२५ या मशीनमध्ये एकाच झोतातून इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण हे दोन्ही उपचार देता येत. क्ष-किरण निर्माण करायला मूळ झोत इलेक्ट्रॉन उपचाराच्या सुमारे शंभरपट प्रबळ लागतो, आणि त्याच्या वाटेत धातूचे लक्ष्य व इतर भाग यावे लागतात. आधीच्या मशीनांत चुकीच्या मांडणीला अडवणारी विद्युत-यांत्रिक कुलुपे होती; इथे ते काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपवलेले होते. २१ मार्च १९८६ रोजी टेक्सासमधील टायलर येथे तंत्रज्ञ स्त्रीने इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरणांचे अक्षर टंकले, लगेच दुरुस्त केले आणि पुढे गेली. तिचा हात सराईत होता. आठ सेकंदांच्या आत केलेली ती दुरुस्ती मशीनच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला कळली नाही. प्रबळ झोत सुटला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले आणि मात्रा कमी पडल्याचे दिसले, म्हणून तिने पुन्हा कळ दाबली. रुग्णाला द्यायचे होते १.८ ग्रे, पाठीच्या १० बाय १७ सेंटिमीटर भागावर. नंतरच्या अंदाजानुसार एका सेकंदाच्या आत, जेमतेम एक सेंटिमीटरच्या जागेवर, १६५ ते २५० ग्रे पडले. त्याला विजेचा जबर धक्का बसल्यासारखे वाटले. पाच महिन्यांनी तो गेला. १९८५ ते १९८७ या काळात या मशीनचे असे सहा अपघात नोंदले गेले.

२५० ग्रेने तापमान किती वाढले असेल, ते मी काढून पाहिले: एका अंशाचे सहा शतांश. इलेक्ट्रॉन तेच होते, जे योग्य रीतीने पसरवून, चोवीस-चोवीस तासांच्या अंतराने वहिनींवर सोडले गेले. झोत पसरवणे आणि रात्रीचा मोकळा वेळ, या दोन गोष्टी काढून घेतल्या की ज्याला आपण उपचार म्हणतो त्यातले काय शिल्लक राहते, ते टायलरला दिसले.

बरोबर दिलेल्या उपचाराचीही किंमत असते, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. युरोपात १९८९ ते १९९६ या काळात पाच हजारांहून अधिक स्त्रियांवर एक चाचणी झाली: सर्वांना संपूर्ण स्तनाला ५० ग्रे, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या निम्म्या जणींना वर १६ ग्रे बूस्ट. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्याच स्तनात कर्करोग परतण्याचे प्रमाण बूस्टविना १६.४ टक्के आणि बूस्टसह १२ टक्के होते. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये फरक मोठा, ३६ विरुद्ध २४.४ टक्के. एकूण आयुर्मानात फरक पडला नाही. आणि स्तनात तीव्र काठिण्य येण्याचे प्रमाण बूस्टने १.८ वरून ५.२ टक्क्यांवर गेले. वहिनींनी हे आकडे डॉक्टरांकडून शांतपणे ऐकले आणि त्यांचा तो दुसरा प्रश्न विचारला: “माझ्या वयाला आणि माझ्या गाठीला यातला कुठला आकडा?” डॉक्टरांनी गाठीची श्रेणी (ग्रेड), वय आणि शस्त्रक्रियेतील कडांचा अहवाल समोर ठेवून उत्तर दिले. मला वाटते, बूस्ट घ्यावा की नाही यापेक्षा तो प्रश्न विचारला जावा, हे अधिक गरजेचे आहे, आणि आपल्याकडच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागांत तो क्वचितच विचारला जातो.

काठिण्य येते ते वर्षांनंतर. त्वचेखालील तंतुपेशी सावकाश विभागतात. किरणांनंतर त्यांपैकी अनेक अकाली प्रौढ होतात आणि विभाजन सोडून कोलॅजन घालू लागतात, संदेशवाहक प्रथिने एकमेकींना तेच करायला सांगतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या रोडावतात, आणि जागा हळूहळू घट्ट होते. त्वचेचा काळपटपणा काही महिन्यांत ओसरतो. हे मात्र वाढत राहू शकते.

अलीकडे वेळेचा हा सगळा विचार उलटा करून पाहणारे प्रयोग चालू आहेत. मात्रा दिवसांत विभागण्याऐवजी ती सेकंदाच्या अंशात, नेहमीच्या हजाराहून अधिक पट वेगाने दिली, तर प्राण्यांच्या निरोगी ऊतकांना कमी इजा होते आणि गाठीवरचा परिणाम तसाच राहतो, असे फ्रान्समधील एका गटाने २०१४ मध्ये दाखवले. याला ‘फ्लॅश’ म्हणतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्वचेच्या लसिकार्बुदाच्या (लिम्फोमाच्या) एका रुग्णाला असा पहिला उपचार मिळाला, तोही इलेक्ट्रॉनचाच: १५ ग्रे, ९० मिलिसेकंदांत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार गाठ पूर्ण गेली आणि भोवतालची त्वचा थोडक्यात निभावली. असे का होते, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. त्या क्षणी ऊतकातला ऑक्सिजन संपून जातो, इथपासून मूलकच एकमेकांना संपवतात, इथपर्यंत मते आहेत. वहिनींना मी हे सांगितले तेव्हा, इतके दिवस रिक्षा करून जाण्यापेक्षा ते बरे, असे त्या म्हणाल्या. मला मात्र पुन्हा ते काठिण्य आठवते. बूस्टचा खरा जमाखर्च मांडायला वीस वर्षे वाट पाहावी लागली होती, आणि फ्लॅशच्या पहिल्या रुग्णालाही अजून तितकी वर्षे झालेली नाहीत.